रिव्हर क्रूझसाठी हलका कॅमेरा: बोट आपल्यासाठी थांबत नाही, हे धरून बॅग भरा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघं, वय ६४ आणि ६१. अ‍ॅमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी पंधरा दिवसांची रिव्हर क्रूझ ठरवली आहे. माझ्याकडे कॅनन ५डी मार्क ४ आहे, सोबत २४-७० आणि ७०-२०० या झूम लेन्स, दोन्ही एफ २.८. उजवा खांदा दुखतो, त्यामुळे हे सगळं घेऊन हिंडणं झेपणार नाही. बायको फोनवरच फोटो काढते. हलकं काय घ्यावं? की फोनवरच भागवावं? परत आल्यावर दोन-चार फोटो मोठे छापून भिंतीवर लावायचे आहेत."

आधी तुमच्या बॅगेचं वजन मांडू. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा ८९० ग्रॅम, २४-७० ची दुसरी आवृत्ती ८०५, ७०-२०० ची तिसरी आवृत्ती १४८०. झाले तीन किलो पावणेदोनशे ग्रॅम. यात बॅग, चार्जर, जादा बॅटरी, पाण्याची बाटली, छत्री काहीच धरलेलं नाही. खांदा ठणठणीत असता तरी मी हे नेऊ नका असंच म्हटलं असतं, आणि ते अनुभवाने.

पहिल्या नदीप्रवासाला मी जवळजवळ हेच घेऊन गेले होते. ७०-२०० दोन दिवस खांद्यावर वागवली, तिसऱ्या दिवशी केबिनच्या कपाटात ठेवली. ऱ्हाइनच्या खोऱ्यात शिरलो त्या सकाळी मी वरच्या डेकवर, कॅमेऱ्याला २४-७०, आणि समोरच्या कड्यावर धुक्यातून वर येणारा किल्ला. दोन मजले खाली धावत गेले, लेन्स काढली, धापा टाकत वर आले. तोवर किल्ला मागे गेला होता आणि ऊन चढलं होतं. त्या दिवसानंतर मी दोन झूम घेऊन क्रूझला गेलेले नाही.

समुद्रावरच्या क्रूझमध्ये दिवसचे दिवस फक्त पाणी दिसतं. नदीवर तसं नाही. दोन्ही काठ सतत सरकत असतात आणि बघण्यासारखं काय, कधी येईल ते आधी कळत नाही. गाडीतून जाताना 'जरा थांबवा' म्हणता येतं, इथे ते शक्य नाही. म्हणून या प्रवासात लेन्स किती उत्तम आहे यापेक्षा ती त्या क्षणी कॅमेऱ्यावर लावलेली आहे का, आणि कॅमेरा हातात आहे का, हे जास्त महत्त्वाचं. वजन कमी करायचं ते मुख्यतः याच कारणासाठी. खांदा वाचतो तो वरचा फायदा.

आता किती लांबची लेन्स लागते ते बघू. लेन्सचा मिलिमीटरचा आकडा (फोकल लेंग्थ) जितका मोठा, तितकं दूरचं जवळ येतं; जितका लहान, तितकं रुंद दृश्य मावतं, तीच वाइड. बहुतेक लोक इथे घाबरून जास्त टेली, म्हणजे मोठ्या आकड्याची लेन्स, घेतात. हिशोब सोपा आहे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग; तुमच्या ५डीतला, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो ३६ मिलिमीटर रुंद. २०० मिमी लेन्सने चारशे मीटरवरचं दृश्य घेतलं तर फ्रेममध्ये ७२ मीटर रुंदी मावते. डोंगरावरचा मध्यम आकाराचा किल्ला त्यात बऱ्यापैकी भरून येतो. ऱ्हाइनची घळ तर अरुंदच आहे; लोरेलायच्या कड्यापाशी नदी आकसते आणि किल्ले दोन्ही अंगांना डोक्यावर आल्यासारखे दिसतात. बिंगेन ते कोब्लेन्झ या टप्प्यात मला २०० मिमीच्या पुढे कधी जावंसं वाटलं नाही. पक्ष्यांचे फोटो हा तुमचा खास नाद असेल तर गोष्ट वेगळी, पण मग खांद्याचा विषयही वेगळा.

उलट वाइड बाजूला मात्र कंजुषी करू नका. बुडापेस्टचं संसद भवन २६८ मीटर लांब आहे. बोट त्याच्यापासून दोनशे मीटरवरून चालली असेल तर २८ मिमीत २५७ मीटर मावतात, म्हणजे टोकं कापली जातात. २४ मिमीत ३०० मीटर मावतात. कागदावर चार मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण याच चार मिलिमीटरमुळे कितीतरी जणांच्या फोटोत एका बाजूचा बुरूज नसतो. लॉकमध्येही तेच. लॉक म्हणजे नदीची पातळी जिथे बदलते तिथला दारं असलेला हौद. बोटी ११.४ मीटर रुंद आणि लॉक १२ मीटर, त्यामुळे काँक्रीटची भिंत हाताला लागेल इतकी जवळ असते. ऱ्हाइनची उपनदी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणाऱ्या माइन-डॅन्यूब कालव्यावर असे १६ लॉक आहेत, आणि त्यातल्या सर्वांत उंच लॉकमध्ये बोट जवळपास २५ मीटर वर उचलली जाते. ओल्या भिंती, वर दिसणारा आकाशाचा तुकडा, दोर सांभाळणारा खलाशी हे सगळं वाइडचंच काम.

म्हणजे २४ ते २०० या पल्ल्याची एकच झूम, फुल फ्रेमच्या हिशोबाने. ही झाली पहिली लेन्स. दुसरी लागते ती उजेडासाठी, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा.

दुकानात सांगतात, "स्टॅबिलायझेशन आहे ना, पाच स्टॉप, सात स्टॉप, रात्रीही हातात धरून फोटो येतात." येतात, जमिनीवर. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप घालवतो. बोट स्वतः पुढे चालली आहे, त्याचं तो काहीही करत नाही. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. ५० मिमी लेन्सने तीनशे मीटरवरची इमारत घेतली तर सेन्सरवर तिची प्रतिमा सेकंदाला ०.७ मिलिमीटर वेगाने सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १/१५ सेकंदात ती साधारण आठ पिक्सेल फासली जाते. १/६० ला दोन पिक्सेल, म्हणजे चालण्यासारखं. तीच इमारत पन्नास मीटरवर असेल तर फासणं सहापट. म्हणून चालत्या बोटीवरून रात्री १/६० च्या खाली जाऊ नका, स्टॅबिलायझर कितीही भारी असला तरी. ट्रायपॉड तर आणूच नका. इंजिनाची थरथर डेकमधून थेट त्याच्या पायांत येते, आणि गावातल्या चर्चमध्ये, संग्रहालयात तो बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवायला लावतात.

मग उजेड मिळवायचा कुठून? अ‍ॅपर्चरमधून (लेन्सचं उघडं तोंड; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओमधून (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता). दिव्यांनी उजळलेल्या इमारतीसाठी एफ १.८, १/६०, आयएसओ १६०० ते ३२०० या आसपास काम होतं. एफ ४ च्या झूमवर तोच फोटो आयएसओ ६४०० किंवा त्याच्याही वर जातो, आणि लांब पल्ल्याच्या हलक्या झूम टेली टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ वर येऊन बसतात. म्हणून एक छोटी, मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, हवीच. ती शंभर-दोनशे ग्रॅमची असते, खिशात मावते, आणि संध्याकाळी जेवणानंतर गावात फेरी मारताना कॅमेऱ्यावर तीच एक पुरते.

आता प्रत्यक्ष पर्याय. वजनं बॅटरी आणि कार्डासकट आहेत.

माझ्या स्वतःच्या बॅगेत गेली काही वर्षं मायक्रो फोर थर्ड्स (फुल फ्रेमपेक्षा बराच लहान सेन्सर) आहे: ओएम सिस्टिमची ओएम-५ बॉडी ४१४ ग्रॅम, १२-१०० एफ ४ झूम ५६१ ग्रॅम, १७ मिमी एफ १.८ प्राइम १२० ग्रॅम. एकूण १०९५. या सेन्सरला फोकल लेंग्थ दुप्पट धरायची, म्हणजे १२-१०० ही २४-२०० झाली आणि १७ ही ३४. झूम आणि बॉडी दोन्हींना पावसा-धुळीपासून संरक्षण आहे. छोट्या प्राइमच्या माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीला ते नाही. गावात जाताना झूम केबिनमध्ये ठेवते आणि १७ लावून निघते. साडेपाचशे ग्रॅमसुद्धा होत नाहीत. तोटे सांगते. सेन्सर लहान, त्यामुळे आयएसओ ३२०० च्या पुढे रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फाइलवर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, काढायचं सॉफ्टवेअर फिरवावं लागतं. बॅटरी लहान, अधिकृत मापाने ३१० फोटो, म्हणून मी तीन ठेवते. आणि ओएम-५ चं चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीवर आहे, हे मला अजून खटकतं; पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं आहे.

दुसरा पर्याय एपीएस-सी, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या आकाराचा सेन्सर; यात फोकल लेंग्थ दीडपट धरायची. सोनी ए६७०० बॉडी ४९३ ग्रॅम, १८-१३५ झूम ३२५. दोन्ही मिळून ८१८, पल्ला साधारण २७ ते २०२. वर सांगितलेल्या संसद भवनाला २७ मिमी किंचित कमी पडतं, पण सोबत १५ मिमी एफ १.४ घेतली (२१९ ग्रॅम, फुल फ्रेमच्या हिशोबाने साडेबावीस) तर तोही प्रश्न सुटतो आणि रात्रीचाही. एकूण १०३७ ग्रॅम. रात्रीच्या फोटोंसाठी हा संच माझ्या संचापेक्षा सरस आहे, हे कबूल करते. बॅटरीही जवळपास दुप्पट चालते. उणीव एकच: १८-१३५ ला पावसापासून संरक्षण नाही, तेव्हा रिमझिमीत डेकवर उभं राहायचं तर वरून काहीतरी झाकायला लागतं. मी हॉटेलातली आंघोळीची प्लास्टिक टोपी वापरते. ती बॅगेच्या कोपऱ्यात पडून असते, वजन काही नाही.

तिसरा, तुमच्या कॅननच्या सवयीला धरून: ईओएस आर८ बॉडी ४६१ ग्रॅम, आरएफ २४-१०५ एफ ४-७.१ झूम ३९५, आरएफ ५० एफ १.८ प्राइम १६०. एकूण १०१६ ग्रॅम आणि सेन्सर फुल फ्रेम. मेन्यू ओळखीचे, बटणं बऱ्यापैकी ओळखीची, आणि तुमच्या जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टरवर घरी चालतील. पण ही झूम टेली टोकाला एफ ७.१ होते आणि १०५ ला संपते. किल्ल्यांसाठी फोटो क्रॉप करावा लागेल, म्हणजे कडा कापाव्या लागतील. २४-२४० घेतली तर पल्ल्याचा प्रश्न मिटतो, पण ती एकटीच ७५० ग्रॅम आहे. बॉडीत स्टॅबिलायझर नाही, तो लेन्समध्ये आहे. वरच्या झूममध्ये आहे, ५० मिमीमध्ये नाही. आता माझं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहेच: चालत्या बोटीवर त्याने फार बिघडत नाही, अंधाऱ्या चर्चमध्ये बिघडतं.

चौथा, एक इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट. सोनी आरएक्स१०० मार्क ७: ३०२ ग्रॅम, पल्ला २४-२००, शर्टाच्या मोठ्या खिशात मावतो. भर उन्हात डेकवरून याचे फोटो बघून कुणी विचारणार नाही की कॅमेरा कोणता. दिवस मावळला की मात्र याची कळा जाते. टेली टोकाला एफ ४.५ आणि सेन्सर छोटा, त्यामुळे संध्याकाळी फोनही याला मागे टाकतो. फोन आपोआप एकामागून एक अनेक फोटो घेऊन जोडतो, हा नेहमीच्या फोटोत तसं करत नाही.

यातलं तुम्ही काय घ्यावं? मोठे प्रिंट काढायचे आहेत, खांदा दुखतो आणि आयुष्यभर कॅननची सवय आहे. माझं मत एपीएस-सीकडे झुकतं: ए६७००, १८-१३५ आणि १५ मिमी. दोन फूट रुंदीच्या प्रिंटला २६ मेगापिक्सेल भरपूर झाले. आर८ तुम्हाला पटकन हातात बसेल, पण १०५ ला थांबणारी झूम घेऊन ऱ्हाइनवर जायचं आणि रोज क्रॉप करायचं, हे मला रुचत नाही. सतत पावसाच्या मोसमात जाणार असाल, किंवा लेन्स बदलायचा कंटाळा असेल, तर माझ्यासारखा ओएमचा संच. बायकोच्या फोनचं जे चाललं आहे ते चालू द्या. लॉकमधले व्हिडिओ, जेवणाच्या टेबलावरचे फोटो, पॅनोरामा यात फोन उत्तम, आणि दोघांपैकी एकाचे हात कायम मोकळे हवेत.

'फोनवरच भागवावं का' याचं उत्तर त्यातच आलं, तरी स्पष्ट सांगते. फक्त आठवणींसाठी हवे असतील तर खुशाल भागवा. भिंतीवर लावायला हवे असतील तर नको. फोनची लांबची लेन्स चिमुकल्या सेन्सरवर बसवलेली असते; स्क्रीनवर ठीक दिसणारी झाडी मोठी छापली की पाण्यात भिजलेल्या रंगपेटीसारखी दिसते.

काही खरेदी करण्याआधी एक काम करा. मागच्या दोन-तीन प्रवासांतले तुम्हाला आवडलेले शंभर फोटो काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ बघा, फाइलच्या माहितीत लिहिलेली असते. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे केलं, त्यांची निम्मी भीती तिथेच गेली; ७०-२०० चे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. तुमचं उत्तर वेगळं निघालं तर माझं ऐकू नका, तुमच्या फोटोंचं ऐका. नवा कॅमेरा घ्यायचाच असेल तर निघण्याच्या किमान महिनाभर आधी घ्या, आणि पूर्ण संच गळ्यात घालून तीन तास चालून बघा. विमानात बसून मॅन्युअल वाचणारे मी पाहिले आहेत. पहिले चार दिवस त्यांचे फोटो कुठल्या तरी भलत्याच सेटिंगवर असतात.

तुमच्या मार्गाबद्दल थोडं, कारण त्याने डेकवर कधी यायचं ते ठरतं. अ‍ॅमस्टरडॅमहून निघाल्यामुळे तुम्ही ऱ्हाइन प्रवाहाच्या उलट चढणार. हे चांगलं आहे, कारण बोट हळू चालते आणि किल्ला जास्त वेळ समोर राहतो. काठावर किलोमीटरचे फलक असतात. लोरेलाय ५५४-५५५ च्या आसपास, आणि कौब गावापाशी नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला फाल्झग्राफेनस्टाइन किल्ला ५४६ च्या सुमाराला. तुम्ही वर चढताय म्हणून आकडे उतरत जातील. हे दोन-तीन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, म्हणजे ऐनवेळी खाली कॉफी प्यायला जाणार नाही. सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या काठावर पडतं, दुपारनंतरचं पूर्वेकडच्या. बोटीच्या कुठल्या अंगाला उभं राहायचं ते यावरून ठरवा. डॅन्यूबवर उलट आहे. तिथे तुम्ही प्रवाहाबरोबर खाली जाता, आणि मेल्क ते क्रेम्स हा ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचा सुमारे ३६ किलोमीटरचा देखणा पट्टा दोनेक तासांत संपतो. कॅमेरा तयार ठेवूनच वर या.

माइन नदी आणि कालवा या टप्प्यात पूल इतके ठेंगणे आहेत की वरचा डेक बऱ्याचदा बंदच ठेवतात. कठडे आणि छत्र्या आडव्या पाडतात, कप्तानाची खोलीसुद्धा खाली सरकते. तेव्हा फोटो पुढच्या बैठकीच्या खोलीबाहेरच्या छोट्या गच्चीतून किंवा केबिनच्या दारातून काढायचे. ज्याला फ्रेंच बाल्कनी म्हणतात ती बाल्कनी नव्हेच, सरकतं दार आणि त्याला कठडा एवढंच. पण दार उघडतं, काच मध्ये येत नाही, हे पुष्कळ झालं. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या केबिनला मात्र पाण्यालगत छोटी, न उघडणारी खिडकी असते. आणि एक गंमत: बंदरात जागा कमी असते म्हणून बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. सकाळी पडदा सरकवला तर समोर सूर्योदयाऐवजी दुसऱ्या बोटीतले आजोबा दात घासताना दिसू शकतात.

काचेतून काढायची वेळ आलीच तर खोलीतले दिवे घालवा आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवा. रबराचा मऊ लेन्स हूड असला तर छान. ओरखडे पडत नाहीत आणि मागचं प्रतिबिंब अडतं. पोलरायझर फिल्टर काचेतून वापरू नका. कडक केलेल्या काचेतले ताण त्यातून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे दिसतात. उघड्यावर मात्र तोच फिल्टर पाण्याची चकाकी कापतो आणि द्राक्षमळ्यांचा हिरवा रंग वर काढतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरकस कोनातून बघत असाल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त. एक-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून संध्याकाळी काढून ठेवा. संध्याकाळी शांत पाण्यात प्रतिबिंबच हवं असतं, तेव्हाही.

डेकवर फोटो काढताना कठड्याला कोपर टेकवायचा मोह होतो. टेकवू नका, इंजिनाची थरथर तिथूनच येते. पाय थोडे फाकवून, गुडघे सैल ठेवून उभं राहायचं. शरीरच तेवढा कंप शोषून घेतं. दिवसा शटर स्पीड १/५०० च्या खाली येऊ देऊ नका. २०० मिमीने तीनशे मीटरवरचा किल्ला घेतला तर या वेगाला प्रतिमा एखादाच पिक्सेल सरकते. कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असावा असा माझा आग्रह आहे. उन्हात डेकवर मागच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो, आणि पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर स्क्रीन एका कोनात पूर्ण काळी पडते. माझा पहिला कॉम्पॅक्ट बिघडला असं समजून मी अर्धा तास घालवला होता. गॉगल काढल्यावर तो दुरुस्त झाला.

गावातल्या फेऱ्यांमध्ये गाइडचं बोलणं ऐकायला एक छोटा रिसीव्हर गळ्यात अडकवायला देतात. त्याची दोरी, कॅमेऱ्याचा पट्टा आणि चष्म्याची दोरी यांचा जो गुंता होतो तो एकदा अनुभवला की माणूस शहाणा होतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरका घ्या. तुमच्या दुखऱ्या खांद्यालाही ते बरं, पण रुंद पट्टा घ्या. कंपनीचा अरुंद पट्टा हलका कॅमेराही टोचवतो. रस्ते दगडी फरशांचे आणि उंचसखल असतात, तेव्हा चालताना स्क्रीन बघू नका.

उन्हाळ्यात वातानुकूलित केबिनमधून थेट दमट डेकवर कॅमेरा नेला की लेन्सवर बाष्प धरतं, आणि ते पुसलं तरी पुन्हा धरतं. पहाटे वर जायचं असेल तर कॅमेरा बॅगेत बंद करून पंधरा-वीस मिनिटं आधीच दाराबाहेरच्या हवेत ठेवा. हिवाळ्यातल्या नाताळ-बाजारांच्या क्रूझवर हेच उलट्या दिशेने होतं, शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवायची.

विमानात जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच. कॅमेऱ्याच्या अशा बॅटऱ्या साधारण वीस वॉट-तासांच्या आतल्या असतात आणि विनापरवानगी मर्यादा १०० ची, त्यामुळे त्यांची चिंता नाही. पॉवर बँकवर मात्र आकडा बघून घ्या. जादा बॅटऱ्यांची टोकं सेलोटेपने झाका. लॅपटॉप नेऊ नका, तो बॉडीपेक्षा जड. ६४ जीबीची तीन कार्डं न्या. २५ एमबीच्या रॉ फाइली धरल्या तर एकेका कार्डात अडीच हजार फोटो बसतात. कार्ड पुसू नका, भरलं की बाजूला ठेवा आणि निवडक फोटो रोज फोनवर उतरवून घ्या. ड्रोनचा विचारही नको. बहुतेक बोटींवर परवानगी नसते.

आणखी एक, वजनाशी थेट संबंध असलेलं. नदीचं पाणी फार चढलं किंवा फार उतरलं तर बोट पुढे जाऊ शकत नाही. मग प्रवाशांना बसने नेतात, कधी पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर हलवतात. माझ्या एका फेरीत असं दोनदा झालं. तेव्हा सगळं सामान तासाभरात बांधायचं होतं. ज्यांचं सगळं एका छोट्या तिरक्या बॅगेत मावत होतं ते नाश्ता करून निवांत बसले होते.

बुडापेस्टला बोट अंधार पडताना शिरते की दिवसा, ते आधी कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा. बऱ्याच बोटी दिवे लागल्यावर मुद्दाम एक फेरी मारतात. सूर्य मावळल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटं, आकाशात निळा रंग शिल्लक असतो तेव्हा फोटो सर्वांत चांगला येतो. नंतर आकाश काळं ठार आणि इमारत पिवळी जर्द. १५ मिमी आधीच लावून ठेवा. अ‍ॅपर्चर १.८, शटर १/६०, आयएसओ ऑटो, आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे दिव्यांखालची भिंत पांढरी फटक पडत नाही. प्रवाहाबरोबर उतरताना संसद भवन डाव्या हाताला येतं, बुडाचा राजवाडा थोडा पुढे उजवीकडे. डाव्या कठड्याशी अर्धा तास आधी जाऊन उभे राहा. तेवढ्यात तिथे गर्दी होते, आणि लोक फ्लॅश मारतात. फ्लॅशचा उजेड नदीपार पोचत नाही, पण तुमच्या शेजारच्या कठड्यावर नक्की पडतो, तेव्हा लेन्स त्या कठड्याच्या पुढे काढून धरा आणि पट्टा मनगटाला गुंडाळा.